तीन मिनिटं पन्नास सेकंदांची सबटायटल्स

१. गेल्या शनिवारी दुपारी, नॉटिंगहॅममधल्या एका फिल्म फेस्टिव्हलमध्ये, तन्वीची पहिली फिल्म दाखवली गेली.
२. फिल्ममध्ये तीन मिनिटं पन्नास सेकंद सबटायटल्स नव्हती. ती मी लिहून घातली.
३. ती वाचून तन्वीला स्वतःच्या वडिलांबद्दल एक गोष्ट कळली.
४. ती गोष्ट खरी आहे की फिल्मपुरती, हे मला माहीत नाही. तन्वीलाही नाही.

चूक दुसऱ्या मुद्द्यात आहे आणि ती माझी आहे. बाकीचं मला अजून नीट समजलेलं नाही... म्हणून लिहितेय. तन्वीचं नाव बदललं आहे. लिहायला तिची आणि तिच्या बाबांची परवानगी आहे.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. हा फेस्टिव्हल बरीच वर्षं चालू आहे, फक्त नवीन दिग्दर्शकांसाठी. मी तिथे व्हॉलंटियर म्हणून कॉप्या तपासते. प्रत्येक फिल्म आधी एकाने पूर्ण बघायची, फॉर्म भरायचा आणि छोटा दोष असेल तर दुरुस्त करून टाकायचा, अशी पद्धत आहे.

तन्वी लंडनमधल्या हॅरोची, जन्म इथलाच. फिल्म एका बाप-लेकीची, आणि बापाच्या भूमिकेत तिचे खरे बाबा. एका सीनमध्ये ते किचनमध्ये नागपूरच्या भावाशी फोनवर मराठीत बोलतात आणि मुलगी जिन्यावर बसून ऐकते. तेवढ्याच सीनला इंग्लिश सबटायटल्स नव्हती.

मला वाटलं, फाइल अर्धवट एक्स्पोर्ट झाली. तन्वीला मेल केला, दोन दिवस उत्तर नाही. मराठी येणारी टीममध्ये मी एकटीच... तेव्हा ऐकलं, लिहिलं, टायमिंग लावलं, दोनदा तपासलं. फॉर्मवर ‘दोष दूर केला’ असं लिहून सही केली.

दोष नव्हताच. त्या मुलीला मराठी कळत नाही, म्हणून प्रेक्षकालाही कळू नये, असं तन्वीने मुद्दाम ठरवलं होतं. हे मला शोनंतर कळलं.

शोच्या वेळी मी मागच्या दाराशी उभी होते. किचनचा सीन आला, पहिली ओळ उमटली, आणि दुसऱ्या रांगेतल्या तन्वीने वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघितलं. मग ती परत समोर वळली आणि वाचत राहिली. शेजारी तिचे बाबा, सूट-टायमध्ये.

फोनवर ते म्हणतात, इथलं घर विकून मार्चमध्ये कायमचा नागपूरला येतोय. पोरीला अजून सांगितलं नाही. सांगायला जावं तर ती फिल्मबद्दल बोलायला लागते, इतकी खूश असते की राहून जातं...

हे सगळं भराभर, नागपुरी वळणाने. तन्वीचं मराठी ‘जेवलीस का’, ‘चावी कुठे’ अशा छोट्या, मोडक्या वाक्यांपुरतं. शूटिंगच्या वेळी ती त्यांना फक्त म्हणाली होती, “बाबा, काकाशी बोला, काहीपण, चार मिनिट.” ते काय बोलले हे तिने कधी विचारलंच नाही. तिला त्या मुलीसारखंच अंधारात राहून एडिट करायचं होतं.

शोनंतर प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारलं, मुलगी सगळं ऐकते, मग काहीच का बोलत नाही? तन्वीने माइक हातात घेतला. मग म्हणाली, “तिला माहीत नव्हतं.”

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती सरळ माझ्याकडे आली. “सबटायटल तू टाकला?”
“हो.”
“करेक्ट आहे?”
“हो.”
तिने बाबांकडे बघितलं. “बाबा, हे खरा आहे?”
“अगं, तूच म्हणालीस ना, काहीपण बोला. बोललो.” मग माझ्याकडे वळून, “छान केलंस हां बेटा. ‘येऊन रायलो’चं इंग्लिश मला नसतं जमलं.”

तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हेच उत्तर, आणि तेच हसू.

घरी येऊन मी तो ऑडिओ पुन्हा लावला. त्यांच्या वाक्यांमधल्या थांबण्याच्या वेळा मोजल्या. दोन सेकंद, अकरा, चार, सात... पलीकडे खरंच कोणी बोलत असावं, इतक्या असमान. मला वाटलं, सापडलं. तसं तन्वीला कळवलं, तर ती म्हणाली, बाबा वीस वर्षं मंडळाच्या गणपतीत नाटकं करतात. फोनचे सीन तर त्यांचे खास.

नागपूरच्या काकांना विचारायचं तिला नकोय, सांगायचं तर बाबांनीच. म्हणजे पुरावा शून्य.

येत्या शनिवारी फिल्म पुन्हा आहे, ज्युरीसमोर. तन्वीचं म्हणणं स्पष्ट आहे. ॲक्टिंग असेल तर सबटायटल्स ठेव, लोकांना सीन आवडला. खरं असेल तर काढ, लोकांच्यात बसून मला ते परत वाचायचं नाही. आणि ठरवायचं मी... कारण दोघांचं बोलणं कळणारी मी एकटीच.

मी रोज दुसऱ्यांच्या कामातल्या रिकाम्या जागा शोधते. काही जागा कोणीतरी सांभाळून रिकाम्या ठेवलेल्या असतात, हे माझ्या चेकलिस्टमध्ये नव्हतं.

शनिवारी हॉलमध्ये मराठी समजणारे आणखी काही जण होते, बाहेर पडताना मी ऐकलं. तुम्ही त्यातले असाल तर एकच सांगा. तन्वीचे बाबा अभिनय करत होते की खरंच सांगत होते? शुक्रवारी सकाळी कॉपी लोड करायची आहे, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर हवं. ‘माहीत नाही’ असं असेल तर तसंच लिहा. तन्वीला मी आत्तापर्यंत तेच सांगितलंय.