मिंडाचं खोकं आणि सुलक्षणाचा कोट

माझा भाऊ पद्माकर लंडनमध्ये स्टॅनमोरला राहतो. डॉक्टर आहे, घर मोठं आहे, आणि ते घर चकचकीत ठेवणारी बाई त्याने मस्कतहून सोबत आणली होती. सत्त्याऐंशी साली त्याला इकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा सोफा, मिक्सर, देव आणि मिंडा असं सगळं सामान एकदमच आलं. तिचं पूर्ण नाव लुझविमिंडा. फिलिपिन्सच्या तिन्ही भागांची नावं जोडून ते करतात, असं तिने मला सांगितलं होतं. माझी भावजय सुलक्षणा हिला एवढं लांब नाव घ्यायला सवड नव्हती. ती तिला मीना म्हणे, आणि पाहुण्यांपुढे 'आमची मीना'. त्या 'आमची'चा मला पहिल्या दिवसापासून राग आहे.

मी वेम्बलीला एकटी राहते, कौन्सिलमध्ये टायपिंग करते. रविवारी मिंडाला अर्धा दिवस सुट्टी असे. चर्चमधून ती ईलिंग रोडला खरेदीला येई आणि मग पाय दुखले की माझ्याकडे चहाला. आम्ही इंग्रजीत बोलायचो, तिचं तसलं आणि माझं असलं. खरेदी म्हणजे काय, तर साबण, टूथपेस्ट, टॉवेल, मटणाचे डबे, चॉकलेटं. तिच्या खोलीत कोपऱ्यात एक भलंमोठं पुठ्ठ्याचं खोकं कायम उघडं असे. वर्षभर ते भरायचं, नाताळच्या आधी बोटीने घरी पाठवायचं आणि लगेच दुसरं उघडायचं. परदेशी गेलेली प्रत्येक फिलिपिनो बाई हे करते. ते खोकं तिकडे सगळ्या गल्लीसमोर फोडतात. आत काय निघतं त्यावरून बाई परदेशात कशी आहे ते ठरतं.

खोक्याच्या पलीकडे घर होतं. गवताच्या छपराचं होतं ते तिच्या पगारातून विटा-सिमेंटचं झालं. मग रंगीत टीव्ही, मग गाण्याचं मशीन, मग फ्रिज. फ्रिज स्वयंपाकघरात नाही, बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याला आधी दिसेल असा. त्या वर्षांत त्यांच्याकडे दिवसचे दिवस वीज नसायची, तेव्हा फ्रिजमध्ये म्हणे इस्त्रीचे कपडे ठेवत, झुरळं लागत नाहीत म्हणून. हे सांगताना ती हसायची. मला काही हसू यायचं नाही. आता बहिणीला आणि मेहुण्याला वरचा मजला हवा होता. या शहाण्यांपैकी कोणी स्वतः काही कमवत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

इकडचे शहाणेही काही कमी नव्हते. सुलक्षणाने डिशवॉशर घेतला तो 'मीनाचे कष्ट वाचावेत' म्हणून. कष्ट वाचले तशी तिने मीनाला मैत्रिणींकडे इस्त्री करायला पाठवायला सुरुवात केली. एक मशीन घरात आलं की मिंडाच्या मागे एक घर वाढायचं. पगार तेवढाच.

मिंडाला एकच गोष्ट हवी होती. तिचा मुलगा रोमेल. नवरा मनिलात दुसरा संसार थाटून बसलेला, म्हणून पोर सहा वर्षांचं असताना त्याला बहिणीकडे ठेवून ती मस्कतला गेली. ते पोर आता जहाजावरच्या नोकरीचं कॉलेज शिकत होतं आणि चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये पदवी घेणार होतं, तीही मेडल मिळवून. त्यांच्याकडे मेडल मास्तर घालत नाहीत. मुलाच्या आईचं नाव पुकारतात, आई स्टेजवर चढते आणि स्वतःच्या हाताने मुलाच्या गळ्यात घालते. पोराच्या शाळेतल्या सगळ्या मेडलांना मावशी चढली होती. हे शेवटचं होतं. मिंडाने वर्षभर आधी सुट्टी मागितली, सुलक्षणा हो म्हणाली, तिकीटही काढून झालं.

आणि मग तो कोट. नाताळला सुलक्षणाने मिंडाला आपला जुना मरून रंगाचा कोट दिला, अस्तर फाटलेला. "तुझ्या त्या बॉक्समध्ये टाक, कुणीतरी वापरेल." बोनसही त्यातच आला असं तिने धरलं. मिंडाने थँक्यू मॅडम म्हणून घेतला. नाही म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं. पण खोक्यात जुनं चालत नाही. गल्लीसमोर फाटकं अस्तर निघालं तर बाई तिकडे खरकटं खाऊन राहते असं लोक म्हणणार. शिवाय ज्या गावात बारा महिने घाम निथळतो तिथे लोकरीचा कोट कुणाला घालायचा होता? तिने तो नीट शिवून, धुऊन हायस्ट्रीटवरच्या, दानात आलेलं जुनं सामान विकणाऱ्या चॅरिटी शॉपला दिला. तिथल्या बाईंनी तो काचेत पुतळ्याला घातला, आणि आमच्या मराठी मंडळाच्या मधुमतीबाईंनी तो ओळखला.

सुलक्षणा जाऊन स्वतःचाच कोट विकत घेऊन आली. पैसे देऊन. मी हसून हसून बेजार झाले, आणि ते हसू संध्याकाळपर्यंतच टिकलं. मिंडाची सुट्टी रद्द झाली होती. पासपोर्ट पद्माकरच्या ड्रॉवरमध्ये होता, कायम तिथेच असायचा, 'सेफ' म्हणून.

पुढच्याच रविवारी मी स्टॅनमोरला गेले.

"ताई, तुम्ही यात पडू नका," सुलक्षणा म्हणाली. "मी तिला फॅमिलीसारखं वागवलं. शी हॅज नो ग्रॅटिट्यूड."

"फॅमिलीला फाटका कोट देतेस का तू?"

"इट वॉज अ परफेक्टली गुड कोट."

"मग दिलास कशाला?"

पद्माकर पेपरमागे बसला होता. लहानपणापासून हा असाच. मी म्हटलं, "पद्मा, दुसऱ्याचा पासपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवणारा डॉक्टर म्हणून मंडळाच्या पाडव्याला माईकवर तुझी ओळख करून देऊ का?" तो उठला, ड्रॉवर उघडला आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गेली तर परत घेणार नाही," सुलक्षणा म्हणाली. "मी दुसरी बघीन."

ही पोकळ धमकी नव्हती. मिंडाचा व्हिसा त्याच घरच्या कामाचा होता. ते घर सुटलं की इंग्लंड सुटलं.

त्याच दुपारी तिने माझ्या फ्लॅटवरून घरी फोन लावला. सगळं सांगितलं, कोटापासून व्हिसापर्यंत. त्यांच्या भाषेतलं मला काही कळत नव्हतं, पण तिचा चेहरा कळत होता. बोलणं हळूहळू तिकडूनच व्हायला लागलं. फोन ठेवून तिने कपातला थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"रोमेल येऊ नको म्हणतो," ती म्हणाली. "मावशी चढेल म्हणतो. नोकरी गेली तर वरच्या मजल्याचं काय? मॅडमची माफी माग म्हणतो. आणि व्हिडिओ कॅमेरा पाठव, म्हणजे फंक्शन मला बघता येईल."

माझा जीव जळला. बोलू नये ते बोलले. असला पोरगा असण्यापेक्षा नसलेला बरा, असंही म्हणाले. तिने मला गप्प केलं नाही, पण ऐकतही नव्हती. मला खात्री होती, ही आता कॅमेरा घेणार, माफी मागणार आणि सोमवारी दुसऱ्याच कुणाच्या तरी इस्त्रीला उभी राहणार. आयुष्यभर तिने दुसरं केलं काय होतं?

"ताई," ती म्हणाली, "पासपोर्ट दे."

मी दिला. तिने तो पर्समध्ये घातला, कप विसळून उपडा ठेवला आणि निघाली. मार्चमध्ये मीच तिला हीथ्रोला सोडलं. खोकं अर्धंच भरलेलं होतं, ते तिने नेलं नाही. सुलक्षणाच्या घरी त्याच आठवड्यात नवी बाई आली, तिला ती काय म्हणते ते मी विचारलेलं नाही.

मे महिन्यात फोटो आला. स्टेज, मागे कागदाची फुलं, रोमेल पांढऱ्या गणवेशात. चेहरा असा, जणू कुणी त्याचा खिसा कापला आहे. शेजारी मिंडा, त्याच्या खांद्याला जेमतेम लागते. मेडलची रिबन तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली आहे, म्हणजे पोराला मान हलवता येत नाही, आणि ती सरळ कॅमेऱ्यात बघून हसते आहे.