सात वर्गांमागे धावणारे हेडमास्तर

माणसाला बसताही येतं, ही गोष्ट आमच्या हेडमास्तरांना उभ्या जन्मात कुणी सांगितली नसावी. निपाणीच्या बाजूला असलेल्या आमच्या सरकारी हायस्कुलात मी पाच वर्षं मास्तर म्हणून त्यांच्या हाताखाली काढली; चहा त्यांनी चालता चालता प्यायला, सह्या भिंतीला कागद टेकवून केल्या, आणि हजामत करणारा न्हावी तर म्हणे वस्तरा घेऊन त्यांच्या मागून अंगणभर फिरायचा. मूळ बेळगुंदीकडच्या शेतकरी घरातले. उंच, काटक, काळा कोट, डोक्याला रुमाल, आणि धोतराचा सोगा कायम हातात धरलेला. न जाणो, एखाद्या वर्गाकडे पळावं लागलं तर!

आणि पळावं लागायचंच. दुसरं महायुद्ध सुरू झालं तसे आमच्या मास्तरांना पाय फुटले. एक बेळगावला पलटणीत कारकून झाले, दोघे रेशनिंगच्या कचेरीत चिकटले, ड्रॉइंग मास्तर तंबाखूच्या वखारीत पेट्यांवर नावं रंगवू लागले. इंग्रजी पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत वर्ग सात, आणि शिकवणारे आम्ही हेडमास्तर धरून चार. दोन वर्गांच्या मधल्या दारात उभं राहून ते डाव्या हाताला इतिहास आणि उजव्या हाताला भूमिती शिकवत. एकदा "त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?" असं त्यांनी विचारलं आणि इतिहासाच्या बाजूने कुणीतरी "दौलताबाद!" म्हणून ओरडलं. "शाब्बास!" म्हणून ते पुढे गेले.

दोन शिपायांपैकी एक वखारीत गेला, उरला तो बाळाप्पा. त्याचे गुडघे धरलेले, म्हणून घंटाही हेडमास्तरच देत. पण त्यांच्या हाताला घड्याळाइतका धीर नव्हता.

"सर, अजून धा मिन्टं हायत की ओ," बाळाप्पा कळवळून म्हणायचा.

"असू देत रं. तिकडं सहावी मोकळी बसलीया." आणि ठण् ठण् ठण्.

रोज सकाळी कोल्हापूरची मोटार यायच्या वेळेला ते अड्ड्यावर हजर. उतरणाऱ्या प्रत्येक पांढरपेशा माणसाला पहिला प्रश्न, "काय शिकलाय ओ?" असेच एक वकील मोटार नादुरुस्त झाली म्हणून खाली उतरले, आणि पंधरा मिनिटांत पाचवीच्या वर्गात इंग्रजी कविता शिकवू लागले. मोटार दुरुस्त होऊन निघूनही गेली. वकील आधी भयंकर संतापले. मग हेडमास्तरांच्या घरी जेवले, आणि राहिलेली दोन कडवी शिकवून दुसऱ्या दिवशी गेले.

पण अशाने शाळा किती दिवस चालणार? इन्स्पेक्शनचं पत्र आलं: मास्तर पुरेसे नसतील तर जूनपासून वरचे दोन वर्ग बंद. आमची पोरं खेड्यांतून चालत येणारी. कोल्हापूर किंवा बेळगावला खोली घेऊन शिकणं त्यांतल्या फार थोड्यांना जमलं असतं. सहावीच्या वर्गात त्या वर्षी दोन मुली होत्या. त्यांचं शिक्षण तर तिथेच संपलं असतं. मी तरुण होतो, मला युक्ती सुचली. निपाणीचे माझे तीन शिकलेले मित्र एका दिवसापुरते मास्तर म्हणून उभे करायचे. हेडमास्तरांनी ऐकलं, मैदानाला तीन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "बरं. आण."

इन्स्पेक्टरसाहेब आले. माझा एक मित्र मागून आणलेल्या कोटात अंग चोरून फळ्यापाशी उभा होता. साहेबांनी सहज विचारलं, "आपण इथं कधीपासून?" मित्राने तोंड उघडण्याआधीच हेडमास्तर दारातून म्हणाले, "आजपासून, साहेब. आणि आजच्यापुरतेच."

साहेब दाराकडे वळले. हेडमास्तरांच्या मागे मीही उभा होतो.

"ही कल्पना कुणाची?"

"माझी," हेडमास्तर म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"मग एरवी सात वर्ग चालवता कसे?"

"चालवत नाही साहेब, पळवतो."

साहेब हसले नाहीत. पण गेलेही नाहीत. दिवसभर ते हेडमास्तरांच्या मागून या दारातून त्या दारात फिरले, आणि चौथ्या तासाला धापा टाकत, टोपी काढून, स्वतःच पाचवीला व्याकरण शिकवायला उभे राहिले.

महिन्याभराने दोन लखोटे आले. एकात तीन मास्तर मंजूर झाले होते. दुसऱ्यात हेडमास्तरांवर खोट्या मास्तरांबद्दल लेखी ठपका होता. मी खरं सांगायला निघालो, तर त्यांनी दंड धरून मला थांबवलं. "तुझी सगळी नोकरी अजून पुढं हाय. माझ्या कागदावर एक डाग पडला म्हणून काय बिघडतंय?"

मॅट्रिकचा वर्ग वाचला. त्या दोन मुली पुढे मॅट्रिक पास झाल्या. सगळे खूश झाले, एक हेडमास्तर सोडून. ते सवयीने वर्गांपुढून फिरत. प्रत्येक वर्गात कुणीतरी शिकवत असे. मग व्हरांड्याच्या टोकाला उभे राहून उगाच रस्त्याकडे बघत. "लई सुनं वाटतंय रं," एकदा म्हणाले. दिवाळीनंतर त्यांनी आपणहून बदली मागितली. कणकुंबीच्या वाटेवर, रानातल्या एका गावात नवी शाळा निघत होती.

मी निरोप द्यायला गेलो. "तिथं मास्तर दोनच हायत म्हणं," ते म्हणाले. डोळे नुसते चमकत होते. मग आवाज उतरवून म्हणाले, "येतोस?"

माझं नुकतंच लग्न झालं होतं. बायकोने परसात तुळस लावली होती. "बघतो, सर," मी म्हणालो.

पावसाळ्यात त्यांचं पत्र आलं. रानाचं, पुराचं, गळक्या छपराचं लिहून शेवटी एक ओळ होती: इंग्रजीला अजून माणूस मिळाला नाही. मी चार पानी उत्तर लिहिलं. त्यात शाळेची सगळी खबरबात होती. त्या एका ओळीबद्दल मात्र मी काहीच लिहिलं नाही.