बोट निघालं की निघाली

उरणहून निघताना आमची बोट ट्रकमध्ये उलटी घालावी लागली, तेव्हापासूनच माझं डोकं फिरलेलं होतं. चौदा फुटांची, व्ही बुडाची शर्यतीची बोट. सपाट बुडाची असती तर हौद्यात निमूट बसली असती. पण सपाट बूड लाटेवर आपटतं आणि चालवणाऱ्याचे दात खिळखिळे करतं. व्ही बूड लाट कापत जातं. पाण्यात हा गुण, ट्रकमध्ये तोच दोष. सरळ ठेवली की ती एका कुशीवर कलंडायची. शेवटी पालथी घातली, खाली गोणपाट कोंबलं, इंजिन गोधडीत गुंडाळून केबिनमध्ये पायांशी घेतलं आणि नांदेडचा रस्ता धरला. दुष्काळात, समुद्रापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब, बोट पळवायला निघालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल. तो मी.

हे सगळं गंगाधर सोनकांबळेमुळे. आपल्या बंदरावरच्या जुन्या मंडळींना तो आठवत असेल. अंगाने काटकुळा, मूळचा अहमदपूरचा, गोदीत सरकारी नोकरीला होता. शर्यतीत बोट तो चालवायचा आणि इंजिन मी लावून द्यायचो. ट्यूनिंग म्हणजे लोकांना वाटतं पेचकस फिरवला की झालं. मागच्या फळीवर इंजिन किती उंचीला टांगायचं, त्याचा पाण्यात बुडणारा पाय किती कलता ठेवायचा, त्या पायाला पंखा कोणता लावायचा, कार्बोरेटरमध्ये हवा किती सोडायची, हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. एक हलवलं की बाकीची रुसतात. फेरी मारून तो आला की मी आधी स्पार्क प्लग काढून बघायचो. खारी बिस्किटाचा रंग आला की काम जमलं. तशी जमली की बोट इतकी वर उचलायची की तळव्याएवढं बूड फक्त पाण्याला लागलेलं असायचं. गंगाधर त्या तळव्यावर पंधरा वर्षं बसला.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला, नव्या जिल्ह्यात माणसं हवी होती, तर यानं मागून बदली घेतली आणि गावाकडे निघून गेला. दुसरा चालवणारा मला मिळाला नाही. मिळाले त्यांना वळणावर हात सैल सोडता येईना.

मग एक दिवस त्याचा ट्रंक कॉल आला. नव्या जिल्ह्याचा वाढदिवस आहे, उत्सव समितीला तलावात बोटीचं प्रात्यक्षिक हवंय, बोट घेऊन ये.

"पाणी आहे का?" मी पहिला प्रश्न विचारला.

"सचिव म्हनायलेत लई हाय. अन् दादा, खरं सांगू का? अप्पाला एकदा दाखवायची हाय. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय. आता सावल्याच दिसायल्यात. पाण्यावर पांढरी रेघ पळताना अजून दिसंल. नंतर न्हाई."

अप्पा म्हणजे त्याचे वडील. त्यांचं आणि आमच्या बोटीचं जुनं वाकडं होतं. एकदा शर्यतीत तरंगता ओंडका लागून बोटीचं बूड उभं फुटलं. गावाकडे निघालेल्या एका शेजाऱ्याला गंगाधरने निरोप दिला, "घरी सांग, बोट फुटली, दुरुस्तीला पैसा गेला, दिवाळीला येत नाही." त्या भल्या माणसानं बोट स्त्रीलिंगी असल्याचं जन्मात ऐकलं नव्हतं. त्यानं वाटेत व्याकरण सुधारलं आणि अहमदपुरात जाऊन सांगितलं, "गंग्याचं बोट फुटलं." अप्पा आंबेहळदीची पुडी घेऊन मिळेल त्या गाडीनं मुंबईला आले. पोराचे दोन्ही हात हातात घेऊन दहाही बोटं एकेक करून चाचपली. धड आहेत म्हटल्यावर आधी रडले आणि मग इतके भडकले की चहासुद्धा न घेता माघारी गेले. गंगाधर मागे धावत म्हणाला, "अप्पा, बोट तरी बघून जा." "ते बोट मला बघायचं न्हाई," म्हणाले. ते आजतागायत.

तर नांदेड. गोदावरीच्या पुलावरून खाली पाहिलं तर नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती, आणि मी मनाशी म्हटलं, ही नदी आहे, आपल्याला तलावात जायचंय. माणूस स्वतःची अशी समजूत घालतो. जकात नाक्यावर ट्रक थांबला. कारकून हौद्यात डोकावून म्हणाला, "हे काय हाय?"

"बोट."

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. "काय झालं बोटाला?"

"बोटाला नाही हो. बोट. म्हणजे नाव."

"हाव, नावच विचारायलो. काय नाव?"

मी कपाळाला हात लावला. त्यानं शांतपणे एक जाड पुस्तक उघडलं. वाहन म्हणावं तर चाकं नाहीत, यंत्र म्हणावं तर यंत्र केबिनमध्ये वेगळं. बराच वेळ खल करून त्यानं तिला 'लाकडी सामान, किरकोळ' केलं. तोवर भोवती माणसं जमली होती. एकानं तिच्या पालथ्या बुडावर थाप मारून विचारलं, हे कोणत्या देवळाचं छप्पर?

नांदेडला गंगाधर ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला होता. मला मिठी मारायच्या आधी तो बोटीच्या बुडावरून हात फिरवून आला. म्हटलं ठीक आहे, माणूस तोच आहे. तिथून अहमदपूरपर्यंत ट्रॉलीत, बोटीशेजारी, ऊन खात. दोन्ही बाजूंना पेरणी वाया गेलेली, भेगाळलेली काळी रानं. गावागावांत हंडे, कळशा, डबे यांची रांग रस्त्याला लागलेली आणि माणसं जवळच्या सावलीत, टँकरची वाट पाहत. आमची ट्रॉली दिसली की ती उठून उभी राहत, जवळ आली की पुन्हा बसत. सरकारी पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव रंगानं बुजवून 'लातूर' लिहिलेलं होतं. रंग पातळ होता आणि जुनं नाव आतून दिसत होतं.

घरी पोचलो तेव्हा गंगाधरची बायको, शांतावहिनी, दारात आल्या. "जयभीम भाऊजी. दमून आलाव. सुशीला हाय, खाता का?"

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव सुशीला. मी दचकून बघतच राहिलो. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी देऊन केलेला पदार्थ, पोह्यांचा भाऊ म्हणा. फार झकास लागतो हे रागातसुद्धा कबूल केलं पाहिजे. सोबत अर्धा पेला पाणी आलं. ताटल्या राखेनं घासून फडक्यानं पुसलेल्या. अंगणाच्या कोपऱ्यात एक लोखंडी ड्रम, त्यावर लाकडी झाकण, झाकणावर दगड. टँकर आला तर तो भरायचा आणि पुढचा येईपर्यंत घरानं त्यावर काढायची.

अप्पा बाजेवर बसलेले. माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाले, "आलाव का मिस्त्री? ते बोट आणलं म्हनं."

"आणली."

"किती मानसं नेतंय?"

"एकच. चालवणारा."

"अन् जातंय कुठं?"

"कुठे जात नाही अप्पा. पाण्यात तीन खुणा असतात. त्यांना वळसा घालायचा आणि निघाल्या जागी परत यायचं. जो आधी परत येईल तो जिंकला."

अप्पा म्हणाले, "माघारीच यायचं तर जायचं कशाला?"

वीस वर्षं मी या धंद्यात आहे. मला उत्तर आलं नाही, आणि नाही आलं म्हणून आणखीच राग आला. गंगाधर मान खाली घालून सुशीला चिवडत होता.

सकाळी आम्ही दोघं ट्रॉली घेऊन तलावावर गेलो. गोड्या पाण्यात बोट जरा खोल बसते म्हणून मी उरणहूनच इंजिन एक बोट वर बसेल अशी मागची फळी करून आणली होती, आणि समुद्रसपाटी सोडून वर जायचं म्हणून कार्बोरेटरही बदलून. महिनाभर संध्याकाळ संध्याकाळ तेच केलं होतं. बांधावर चढलो. समोर तलाव नव्हता. भेगा पडलेला गाळ, त्यात म्हशींची पावलं, आणि लांब मध्यभागी एक डबकं, त्यात चार म्हशी पोटापर्यंतसुद्धा बुडलेल्या नव्हत्या.

समितीचे सचिव छत्री घेऊन हजर होते. "हाय की पानी," ते म्हणाले. "मागल्या हप्त्यात याहून जास्त होतं."

"साहेब, त्यात म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहील. माझ्या इंजिनाचा पायच तेवढा लांब आहे."

"मग बोट बारकी आनायची की."

मी गंगाधरकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. सचिवांचा उत्साह मात्र तिळभर कमी झाला नाही. त्यांनी तिथल्या तिथे तोडगा काढला: बोट ट्रॅक्टरवर ठेवून मिरवणुकीत फिरवायची, गंगाधरनं आत बसून सुकाणू हलवायचं, आणि बाजूला फलक लावायचा, 'नवा जिल्हा, भरले तलाव'. मी काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही. सचिव छत्री मिटून दोन पावलं मागे सरकले एवढं सांगतो. त्यांनी जरा आधी, मी उरणला असताना, एक शब्द खरा सांगितला असता तर ट्रक, नाका, ट्रॉली सगळं वाचलं असतं. पण ते माझं दुःख. गंगाधरचं वेगळंच होतं. परत येताना तो ट्रॉलीत बोटीला टेकून बसला होता आणि म्हणत होता, "आता पाऊस पडून तळं भरूस्तोवर अप्पाचे डोळे राहत न्हाईत दादा."

घरी आलो तर अप्पा तयार. धुतलेलं धोतर, पांढरा शर्ट, डोक्याला कोशा पटका. हातात काठी. तळ्यावर जायचं म्हणून सकाळपासून असेच बसलेत, वहिनी हळूच म्हणाल्या.

"पानी हाय का तळ्यात?" अप्पांनी विचारलं.

गंगाधरला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना दोष. "न्हाई, अप्पा."

"जिल्हा जवळ आला अन् पानी लांब गेलं," अप्पा म्हणाले. त्यांनी काठी बाजेला टेकवली. पटका काढायला हात वर नेला आणि तसाच थांबवला. "दिसत तर मला असंबी न्हाई. ऐकायला तरी येतंय का, ते बोट?"

मी बघितलं तर शांतावहिनी ड्रमजवळ गेल्या होत्या आणि झाकणावरचा दगड उतरवत होत्या. त्यांना माहीत होतं. असलं इंजिन जमिनीवर चालवायचं तर त्याचा पाय पाण्याच्या ड्रममध्ये बुडवावा लागतो. ते पाणी ओढूनच ते स्वतःला गार ठेवतं. आणि दोन मिनिटांत त्या पाण्यावर असा तेलाचा तवंग येतो की जनावरसुद्धा तोंड लावणार नाही.

"वहिनी, दगड ठेवा," मी ओरडलो. जरा जोरातच. "झाकणाला हात लावायचा नाही."

"असू द्या की भाऊजी. येईल टँकर."

"ठेवा म्हणतो ना!"

कोरडं इंजिन चालवायचं नाही. आतला पाणी ओढणारा रबरी पंखा अर्ध्या मिनिटात जळतो, मग इंजिन तापून आवळतं. बंदरावर कुणी गंमत म्हणून कोरड्या इंजिनाची दोरी ओढली तर मी त्याला धक्का मारून पाण्यात पाडलेलं आहे. गंगाधरलाही, एकदा. आणि रबरी पंखा माझ्याकडे एवढा एकच होता.

बोट ट्रॉलीतच होती. बाजूचा फाळका पाडून ती सरळ केली, दोन्ही कुशींना गोणपाट कोंबलं. इंजिन तिच्या मागच्या फळीवर चढवलं, एक बोट वर, जसं लावलं होतं तसं. गंगाधरला म्हटलं, आत बस. तो बसला, गुडघे दुमडून, पूर्वीसारखा. अप्पांना धरून ट्रॉलीजवळ आणलं, त्यांचा तळवा बुडाच्या धारेवर ठेवला आणि मी दोरी ओढली.

तुम्ही तो आवाज ऐकलेला आहे. पाण्याबाहेर तो दुप्पट फुटतो. शेजारच्या शेळ्यांनी दावी तोडली, गल्लीतली माणसं धावत आली. गंगाधरनं इंजिनाचा वेग चढवला, उतरवला, मला कळलं की तो पहिल्या खुणेला वळतोय. पुन्हा चढवला. दुसरी खूण. अप्पांचा हात बोटीबरोबर थरथरत होता. मला जळक्या रबराचा वास आला. मी थांबवलं नाही. तिसरी खूण झाली, सरळ टप्पा आला, गंगाधरनं वेग पूर्ण सोडला आणि मग इंजिन बंद केलं.

एकदम सगळं गप्प झालं. अप्पांनी हात बुडावरून काढला नाही. थोडं थांबून, गंगाधर जिथे बसला होता तिकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "आलास का माघारी?"

"आलो, अप्पा."

"हात आण."

त्यानं दोन्ही हात बोटीच्या कडेवरून खाली सोडले. अप्पांनी एकेक बोट चाचपलं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, सावकाश. मग म्हणाले, "बोटं बी धड हायती. अन् बोट बी चांगली हाय तुझी."

चांगली हाय, म्हणाले. गंगाधर बोटीत बसून लहान पोरासारखा रडला, आणि मी इंजिनाचे बोल्ट सैल करायला लागलो, कारण मला दुसरं काही सुचेना.

मिरवणुकीला मी थांबलो नाही. इंजिन गोधडीत गुंडाळून परत आणलं. बोट तिथेच ठेवली, चालवणारा तिथे आहे तर ती इथे ठेवून काय करायची? आल्यापासून बंदरावर सगळे एकच विचारतायत, कितवी आली? मी कुणाला धड उत्तर दिलेलं नाही. इतका मनस्ताप देणारा प्रवास मी दुसरा केला नाही, आणि अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर अजूनही मला नीट देता येणार नाही, पण तो प्रश्न आता छळत नाही.

हे लिहीत होतो तेवढ्यात खालचा दुकानदार हाक मारत वर आला. त्याच्याकडे अहमदपूरचा फोन येऊन गेला होता.

"काय म्हणाला?"

"लाइनीत नुसती खरखर. बोट निघालं म्हणाला की निघाली म्हणाला, कळलं नाही."

"तिकडे पाऊस झाला का?"

"ते नाही बुवा विचारलं."

असली माणसं माझ्याच नशिबी. इंजिन पुन्हा गोधडीत गुंडाळलं; नवा रबरी पंखा परवाच आणून ठेवला होता, तो पिशवीत टाकला. मग वाण्याकडून आंबेहळदीची पुडी आणली, तीही टाकली. रात्रीच्या गाडीनं निघतोय.