सरांच्या पोस्टला पाच उलटे अंगठे

आज मी नागपुरात एका शेतकरी-अॅपच्या ऑफिसात बसतो, ते बोरगावच्या घोरमाडे सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बारावीनंतर सरच मला फॉर्म भरायला घेऊन गेले. त्याच सरांचा एका मंगळवारी फोन आला.

"काय रे, तुह्या अॅपनं मले वर्गाबाहेर काढलं!"

"काय झालं सर?"

"माही पोस्ट गायब. कोणाचं काम आहे, नाव सांग."

रिटायर झाल्यापासून सर संत्र्याचा बगीचा पाहतात आणि आमच्या अॅपवर पांढुर्णा-सौंसर भागातल्या संत्रा शेतकऱ्यांच्या ग्रुपमध्ये लिहितात. फळ्यावर लिहायचे तसंच: मुद्दा एक, मुद्दा दोन. या वेळी लिहिलं होतं, "बोरगावात कोळशी आली आहे. आजच पानं उलटून पाहा." पानाखाली बारीक काळी माशी बसते, तिच्या चिकट घाणीवर काजळीसारखा थर चढतो, ती कोळशी. वेळेत फवारलं नाही, तर शेजारचे बगीचेही काळे पडतात.

पोस्ट गायब करणारा नियम मीच बनवला होता. पोस्टखाली दोन अंगठे, सुलटा आणि उलटा. कोणी दाबला ते दिसत नाही. पाच उलटे पडले की पोस्ट आपोआप झाकली जाते. डेमोच्या दिवशी मी छाती फुगवून म्हणालो होतो, "नाव लपलं की लोक खरं बोलतात."

मॅनेजर मॅडमना पोस्ट दाखवली.

"माहिती चुकीची आहे?"

"नाही. फोटोसुद्धा आहे."

"मग पाच जणांना राग कशाचा? लॉग बघ. पण नावं बाहेर जाता कामा नयेत. तुझ्या सरांनाही नाही."

लॉग म्हणजे कोणी काय दाबलं याची आतली नोंद. पाचही जण आमच्या बोरगावचेच निघाले. चौथं खातं माझ्या वडिलांचं.

मी घरी फोन लावला.

"बाबा, सरांच्या पोस्टला उलटा अंगठा तुम्ही दिला?"

बाबांनी आधी मोटारपंप बंद केला.

"तुले कसं दिसलं? तू तं म्हणे कोणाले दिसत नाही!"

"पण काहून दिला?"

"अरे, परवा व्यापारी येऊन राहिला ना! आपला माल झाडावरच विकते. त्यानं मोबाइलवर कोळशी वाचली तं भाव पाडन का नाही? सरांले थोडीच दिला मी. बातमीले दिला."

"आपल्या बगीच्यात आहे का कोळशी?"

"पान उलटलं तं दिसन ना. उलटलंच नाही अजून."

त्याच दुपारी मॅडमच्या परवानगीनं पोस्ट परत दिसू लागली. आता उलटा अंगठा द्यायचा तर नाव दिसतं आणि कारण लिहावं लागतं. रोगाची सूचना तर अंगठ्यांनी झाकलीच जात नाही. पहिल्या आठवड्यात अख्ख्या ग्रुपवर एकच उलटा अंगठा पडला. नवा नियम सांगणाऱ्या माझ्याच पोस्टला, सरांकडून. कारण: "वाक्यं फार लांब."

मग मी सरांना पत्र पाठवलं.

"आदरणीय सर, नमस्कार.

तुम्ही विचारलेली नावं सांगता येत नाहीत, नोकरीची तशी अट आहे. एक मात्र त्या माणसाला विचारून सांगतो: माझे बाबा. व्यापारी येऊन गेला. त्यानं मोबाइल खिशातून काढलाही नाही. बगीच्यात शिरला आणि पहिलं पान उलटलं. कोळशी होतीच. भाव पडायचा तो पडला.

नाव लपलं की लोक खरं बोलतात, हे जे मी शिकलो होतो, ते माझ्या घरातच चुकलं.

फवारणी काय करायची, हे बाबांनी मला विचारलं. मला बटणांपलीकडे काही येत नाही. रविवारी सकाळी ते तुमच्या फाटकापाशी येतील. लाजतात. तुम्ही आतूनच हाक मारा, नाहीतर तिथूनच परत फिरतील.

तुमचा विद्यार्थी,
प्रशांत"