चार उपाय आणि एक कौल

माझ्या पेडण्याच्या चुलतसासऱ्यांइतके प्रश्न विचारणारा माणूस अख्ख्या गोव्यात दुसरा झाला नसेल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते मिरची घ्यायच्या आधी तिचं कूळ विचारत: कुणाच्या मळ्यातली, पाणी विहिरीचं की ओहोळाचं. पाव आणणारा पोदेर तर भट्टी किती वेळ तापवतो हे रोज सांगून इतका कंटाळला होता, की सायकलचा हॉर्न न वाजवताच पायरीवर पाव ठेवून पसार व्हायचा.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेल्या काकांना लघवीचा त्रास सुरू झाला. ग्रंथीचा तुकडा काढून तपासला तर प्रोस्टेटचा कॅन्सर. घरात रडारड; काकी म्हणाल्या, "काढून टाकया एकदाचां." काकांनी मात्र डॉक्टरांसमोर वही उघडली. "कापलां तर काय, शेकलां तर काय, आनी कायच करूंक ना तर काय?" डॉक्टरही भला माणूस, तासभर समजावत बसला. शस्त्रक्रियेने ग्रंथी निघते, पण लघवीवर ताबा राहीलच असं नाही. किरणांचे उपचार म्हणजे गोव्याबाहेर काही आठवडे मुक्काम. हार्मोन दाबणारी औषधं सहसा गाठ पसरल्यावर. काकांची गाठ लहान, सावकाश वाढणारी दिसत होती, तेव्हा या वयात नियमित तपासत थांबणं हाही उपायच. "निवड तुमची," तो म्हणाला.

काकांना आयुष्यात पहिल्यांदाच उत्तरं जास्त झाली. मला घेऊन ते देवळात कौल लावायला गेले, वहीसकट. चारही उपाय पोटकलमांसह वाचायला लागले, तसे भटजी हात जोडून म्हणाले, "काकानू, देवाक परीक्षेक बसवू नकात. मूर्तीच्या उजव्या नि डाव्या अंगाक एकेक पाकळी लायतंय. उजवी पडली तर होय, डावी पडली तर ना. एकच विचारा." काका खांबाला टेकून बसले. एकेक उपाय खोडता खोडता दुपारची आरती होऊन गेली. शेवटी उठून त्यांनी विचारलं, "तपासत रवलंय तर चलात?" उजवी पाकळी पडली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "डावी पडली असती तर?"

"तर ना कित्याक, म्हणून देवाकच विचारतलंय."

मी हसलो, पण ते हसले नाहीत. चप्पल घालायला वाकले आणि तसेच पायरीवर बसले. "जावयबापू, इतक्या जणांक इतकां विचारलां, पण किती दिस उरले, ह्यां मात्र कोणाकच विचारूंक धीर जालो ना."

मला त्यांच्याविषयी फार माया दाटून आली. त्यांची चप्पल सरळ करून दिली आणि शेजारी बसून राहिलो.