झाकणाला लागलेलं चित्रक

तिसरी प्लेट काढली, तरी आमच्या रांगेत काही नव्हतं. शेजारच्या दोन्ही रांगांत केशरी ठिपके छान उमटले होते.

प्लेट म्हणजे सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी. तिच्या खालच्या कडेशी वनस्पतीचा अर्क टेकवायचा आणि कड द्रावणात बुडवून पट्टी उभी ठेवायची. द्रावण वर चढतं, अर्कातले घटक सोबत नेतं आणि प्रत्येक घटक आपापल्या उंचीवर थांबतो. आम्ही शोधत होतो प्लंबॅजिन, म्हणजे चित्रकाच्या मुळातलं औषधी द्रव्य. पहिल्या रांगेत शुद्ध प्लंबॅजिन होतं, दुसरीत बाजारातल्या वाळक्या चित्रकमुळाचा अर्क, आणि तिसरीत आमच्या टिश्यू कल्चरच्या रोपांचा. एका झाडाच्या कांडीचे तुकडे निर्जंतुक बाटलीत वाढवून केलेली ही रोपं.

आमचे विभागप्रमुख ढोबळे सर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, मी आधीच म्हटलं होतं. बाटलीतलं झाड दिसायला गोंडस, आत काही नाही."

"सर, बाटलीतून काढून आठ महिने मातीत वाढवलंय. थोडं तरी सापडायला हवं."

"हवं, पण नाहीये ना! शुक्रवारपर्यंत बघा. नाहीतर बॅच डिसकार्ड. जागा दुसऱ्या प्रोजेक्टला लागतेय."

डिसकार्ड म्हणजे रोपं उपटायची, उरलेल्या बाटल्या ऑटोक्लेव्हच्या दाबाच्या वाफेत निर्जंतुक करायच्या आणि रजिस्टरमध्ये सही करायची. एरवी मी अशा सह्या पुष्कळ केल्या आहेत. पण या रोपांचं मूळ झाड पिपरी मेघेला आमच्या घराच्या फाटकाशी होतं. माझ्या यजमानांनी ते आष्टीच्या बाजारातून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं. मागच्या वर्षी हे गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाणी घालायचं माझं राहून गेलं आणि ते झाडही गेलं. आता उरली होती ती एवढीच रोपं. सरांना मी हे सांगितलं नव्हतं. रिपोर्टमध्ये तसा रकाना नसतो.

मी द्रावण बदललं. अर्क दुप्पट घ्यायचं ठरवलं. गुरुवारी चौथ्या खेपेची मुळं ओव्हनमधून काढली, कुटायला घेतली, आणि सुमनबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. आमच्याकडची काचेची भांडी त्या धुतात.

"मॅडम, एक सांगा. तुमच्या त्या डिशच्या झाकनाले काय लावता जी?"

"काही नाही. का?"

"काही नाई कसं? आतून पिवळं पिवळं ऱ्हाते. सोड्याच्या पान्यात टाकलं का जांभळं होते. अन् हात असे चुरचुरते, का घरी जाऊन कनिक मळता येत नाई."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"मले वाटलं, शिकल्यासवरल्या बाया, रंगपंचमी करून राह्यल्या असान!"

मी खलबत्ता खाली ठेवला. रंग पिवळा, सोड्यात जांभळा, आणि कातडीला लागलं की चुरचुर. प्लंबॅजिनची ओळख पुस्तकात अशीच दिली आहे. पुस्तक माझ्या कपाटात होतं.

चूक आमच्या सवयीची होती. ब्राह्मी असो, अडुळसा असो, आम्ही सगळा माल झाकणाच्या काचेच्या डिशमध्ये ओव्हनला लावतो. धूळ बसू नये म्हणून झाकण. चित्रकाची कोवळी, दोऱ्यासारखी मुळंही मी तशीच दोन दिवस ऐंशी डिग्रीला ठेवली होती. प्लंबॅजिन उष्णतेने उडतं आणि थंड होताना झाकणाला जाऊन बसतं. बाजारातलं मूळ आमच्या ओव्हनमध्ये कधी गेलंच नव्हतं, म्हणून त्याचा ठिपका आला. म्हणजे मी तीनदा रिकामी मुळं तपासली आणि सुमनबाईंनी तीनदा औषध धुऊन टाकलं.

"आजची झाकणं कुठे आहेत?"

"टबात. पानी अन् सोडा टाकाचा हाय अजून."

"टाकू नका!"

"आता काऊन? रोज तर टाकतो!" असं म्हणत त्यांनी तळातून एक कोरडं झाकण काढून दिलं. मी ते थोड्या मिथेनॉलने धुतलं आणि ते धुतलेलं मिथेनॉलच प्लेटवर टेकवलं. ठिपका केशरी आला, शुद्ध प्लंबॅजिनच्या बरोबर उंचीला. सुमनबाई वाकून बघत म्हणाल्या, "एवढुश्यासाठी इतके दिवस?"

झाकणावरून रिपोर्ट लिहिता येत नाही. शुक्रवारी सकाळी रोपांच्या शेडनेटमधून ताजी मुळं खणली आणि न वाळवता अर्क काढला. ठिपका आला. मग तो अर्क एचपीएलसीवर चालवला. हे यंत्र प्रत्येक घटकाला नळीतून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजतं. आमच्या घटकाला शुद्ध प्लंबॅजिनइतकाच वेळ लागला.

ढोबळे सरांनी यंत्रातून निघालेले शुद्ध प्लंबॅजिनचा आणि आमचा असे दोन्ही आलेख खिडकीशी धरून पाहिले.

"म्हणजे झाड रिकामं नव्हतं."

"नाही सर. मीच रिकामं करत होते."

सर हसले. बॅच राहिली. एक रोप मी रीतसर मागून घेतलं. ते आता फाटकाशी आहे आणि त्याला पाणी मिळतं. सुमनबाईंना हातमोजे मिळाले. ते खरं तर आधीच मिळायला हवे होते.

ओव्हनच्या दारावर मी चिठ्ठी लावली आहे: 'चित्रक इथे वाळवू नये.' आणि कुठल्याही रिपोर्टवर 'आढळले नाही' लिहिण्याआधी मी धुण्याच्या टबापर्यंत जाऊन येते.