म्हातारा बैल पुढे

ठाण्याहून पाच स्कूटरी निघाल्या, त्यांत माझी पाचवी. पनवेल येईपर्यंत माझी ती जागा पक्की झाली होती. आमचे म्होरके सावंत, ऑफिसातले हेडक्लार्क, मागे वळून पाहणं कमीपणाचं समजत. कर्जतपलीकडे कडावला त्यांची सासुरवाडी. नव्या तांदळाच्या जेवणाचं आमंत्रण होतं. मी सगळ्यांचा धूर खात होतो आणि मागे बसलेली माझी बायको सुशीला मजेत शेतं पाहत होती.

लोधिवलीला चहा घेतला. माझा कप निम्मा असतानाच चौघांनी किका मारल्या. चौकच्या फाट्यावर कोणी थांबलं असेल ही माझी भाबडी आशा. डावीकडे माथेरानचा डोंगर काय सुरेख उभा होता म्हणे. मला दिसला नाही. मला फक्त त्यांना गाठायचं होतं.

वळणावर रस्ताभर पेंढा (झोडलेल्या भाताच्या काड्या) सांडला होता. मी ब्रेक दाबला आणि स्कूटर घसरली. सुशीला कडेच्या खाचरात पडली, आणि लगेच उठली नाही. तेवढ्यात सावंतांना आणि स्वतःला घातलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पुढे पेंढ्याचे भारे लादलेल्या चार बैलगाड्या चालल्या होत्या. पहिल्या गाडीवरचे म्हातारा-म्हातारी धावत आले. म्हातारीने सुशीलाला बसतं केलं, कोपर धुतलं.

"लय लागलं काय गं?"

"खरचटलंय फक्त," सुशीला म्हणाली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"एकलेच निघालाव काय?" म्हाताऱ्याने मला विचारलं.

"नाही, पाच गाड्या आहेत. बाकीचे पुढे गेले."

"मंग एकलेच हाय तुमी," तो शांतपणे म्हणाला.

त्याच्या गाडीचा एक बैल लंगडत होता. हा सगळ्यांच्या पुढे कसा, मी विचारलं.

"पवळ्या म्हातारा झाला. मागं ठेवला तर धावून मरंल. म्होरं ठेवला म्हंजी समदे त्याच्या चालीनं येतात. दांडगी जोडी शेवटाला. कुनी अडला तर तीच वढते."

इतकी वर्षं कारकुनी केली, पण इतकं शहाणपणाचं परिपत्रक माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं. त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

अर्ध्या तासाने सावंत शोधत आले. कर्जत स्टेशनाशी थांबल्यावर त्यांना एक स्कूटर कमी दिसली होती. सुशीलाचं कोपर पाहून त्यांचा चेहरा उतरला. मी पवळ्याची गोष्ट सांगितली. हसतील असं वाटलं होतं, पण ते म्हणाले, "चला, व्हा पुढे."

कडावची वाफाळती तांदळाची भाकरी आणि सुकट अजून जिभेवर आहे. पण त्याहून लक्षात राहिली परतीची वाट. मी सर्वांत पुढे, सावंत शेवटी. बैलगाडीच्या बेताने अंतर राखत चाललो होतो. माथेरानचा डोंगर आता मलाही दिसला. सुशीला अधूनमधून मागे पाहून मोजत होती, "चारही आहेत."

चौकच्या फाट्याजवळ ती म्हणाली, "थांबा. तीनच दिसतात."

मी थांबलो, मागचे तिघेही थांबले. आम्ही सगळे उलटे फिरलो. मैलभर मागे सावंत रस्त्याच्या कडेला स्कूटरचा प्लग पुसत बसले होते. दांडगी जोडीच अडली होती.

आम्हाला पाहून ते उठले. हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही गेलात."

ठाण्याला पोचायला नेहमीपेक्षा दीड तास जास्त लागला. त्यानंतर कितीतरी सहली झाल्या, आणि निघताना सावंत न चुकता पहिली हाक मारतात ती मलाच, "पवळ्या, व्हा पुढे." हे नाव मी कौतुकाने मिरवतो.